लाकडाखालचं अगावे

एक लिटर शंभर टक्के अगावेची टकिला गाळायची तर त्या वनस्पतीचे साधारण सात किलो गड्डे लागतात. २०१८ ते २०२१ या काळात मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात अगावेचा भाव किलोला तीस पेसोंच्या आसपास खेळत होता. म्हणजे नुसत्या कच्च्या मालालाच दोनशे पेसोंहून जास्त मोजावे लागत. त्यावर भट्टी, मजुरी, पिंपं, बाटली, बूच, लेबल, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. सरकारचा वाटा वेगळाच. वीस टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर मेक्सिकोत ५३ टक्के उत्पादन शुल्क आहे, आणि वर १६ टक्के मूल्यवर्धित कर. हा हिशेब मांडून झाला की तिथल्या ग्वादालाहारा शहरातल्या सुपरमार्केटात तीन-चारशे पेसोंना, म्हणजे आपल्या पंधराशे ते दोन हजार रुपयांना मिळणारी, वर्षभर लाकडात मुरल्याचं सांगणारी पिवळीधमक बाटली हातात घेताना एकच प्रश्न पडतो. काटकसर नेमकी कुठे झाली? स्वस्तातली मुरवलेली टकिला पारखायची म्हणजे या प्रश्नाचं उत्तर नाकाने आणि जिभेने शोधायचं. लेबलावर ते छापलेलं नसतं.

टकिला हे हालिस्कोतल्या एका गावाचं नाव. त्याच नावाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी ते वसलेलं आहे. निळसर अगावेची शेतं आणि तिथल्या जुन्या भट्ट्या यांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. १९७४ पासून टकिला या नावाला कायद्याचं कुंपण आहे. सगळं हालिस्को आणि नायारित, मिचोआकान, ग्वानाहुआतो, तामाउलिपास या चार राज्यांतले ठरावीक तालुके, एवढ्याच मुलखात पिकलेल्या निळ्या अगावेची दारू टकिला म्हणून विकता येते. देखरेखीला १९९४ पासून 'कोन्सेहो रेगुलादोर देल टकिला' ही नियामक संस्था आहे. प्रत्येक बाटलीवर 'नॉम' या अक्षरांबरोबर एक चार आकडी क्रमांक असतो. तो डिस्टिलरीचा. ब्रँड कितीही असोत, माल कोणत्या भट्टीतून आला ते या क्रमांकावरून कळतं. एकाच क्रमांकाखाली डझनावारी ब्रँड निघालेलेही दिसतात. दुकानात मी सगळ्यात आधी हाच आकडा बघतो.

अगावेचं पीक धीराचं आहे. रोप लावल्यापासून काढणीपर्यंत सहा-सात वर्षं जातात. फुलोऱ्याचा उंच दांडा वर येऊ लागला की तो छाटतात, नाहीतर कंदातली साखर तिकडे निघून जाते. मग हिमादोर, म्हणजे अगावे तोडणारा मजूर, येतो. त्याच्या हातात लांब दांड्याचं, पुढे गोल धारदार पातं असलेलं 'कोआ' असतं. हालिस्कोतल्या आरांदासजवळच्या लाल मातीच्या पठारावर एका हिमादोरचं काम जवळून बघितलं. डावा पाय गड्ड्यावर रोवायचा आणि कोआचा वार पानाच्या बुडाशी इतका तिरका घालायचा की पान सुटावं पण गड्ड्याचं मांस जाऊ नये. पानाचा हिरवा बुडखा फार राहिला तर दारूत कडवटपणा उतरतो. फार खोल तासलं तर साखर वाया जाते. मालकाने सांगितलं असेल तितकंच बूड तो ठेवतो, आणि तेही डोळ्यांच्या अंदाजाने. तासून झालेला गड्डा अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला 'पिन्या'च म्हणतात. तीस-चाळीस किलोचा तो ऐवज तो मांडीच्या रेट्याने उलटवत होता. एवढी वर्षं राखलेलं झाड दहा मिनिटांत संपतं. त्याला दुसरा बहर नाही.

हे सांगायचं कारण असं की लेबल फक्त पिंपातले महिने मोजतं. कायद्याची प्रतवारी सरळ आहे. न मुरवलेली ती ब्लांको. ओकच्या भांड्यात किमान दोन महिने राहिलेली रेपोसादो, मग ते भांडं हजारो लिटरचं असलं तरी चालतं. जास्तीत जास्त ६०० लिटरच्या पिंपात किमान एक वर्ष राहिलेली आन्येहो. तीन वर्षांची ती एक्स्ट्रा आन्येहो, आणि हा वर्ग २००६ मध्येच निर्माण झाला. गिऱ्हाईक आकडा वाचतं, जास्त महिने म्हणजे जास्त चांगली असं समजतं आणि जास्त पैसे टाकतं. माझं म्हणणं उलट आहे. टकिलाचं खरं वय शेतात जातं. पिंपाने त्या सहा-सात वर्षांना थोडा आधार द्यावा, त्यांच्यावर पांघरूण घालू नये. व्हिस्कीत धान्य काही महिन्यांत तयार होतं, म्हणून तिथे लाकडाला बोलू देणं समजण्यासारखं आहे. अगावेला स्वतःचं सांगायला पुष्कळ असतं.

ते काय सांगतं हे भट्टीवर ठरतं. कच्च्या पिन्यात गोडवा नसतो. त्यातली लांब साखळीची शर्करा उष्णतेने तुटते आणि तिची फळसाखर होते. जुन्या पद्धतीच्या विटांच्या भट्टीत, म्हणजे ओर्नोत, हे काम दीड ते तीन दिवस चालतं. पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली तेच काम काही तासांत आटोपतं. तिसरी रीत डिफ्यूजरची. कच्चं अगावे किसून पाण्याच्या फवाऱ्याने साखर धुऊन काढायची, शिजवायचं नंतर. उतारा भरपूर मिळतो, पण भाजलेल्या रताळ्याचा जो वास टकिलाचा प्राण आहे तो बराचसा वाटेत हरवतो. स्वस्त बाटली म्हणजे डिफ्यूजरच, असं मात्र समजू नये. टकिला गावातल्या एल यानो डिस्टिलरीत आरेते नावाची टकिला होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या एका डोळ्याच्या मेक्सिकन घोड्यावरून तिचं नाव ठेवलं आहे. तिथे ऑटोक्लेव्ह वापरतात, किंमत हाताबाहेर जात नाही आणि माल सच्चा असतो. काम घाईने उरकायचं की नाही हे यंत्र ठरवत नाही, ते चालवणारा ठरवतो.

लाकूड काय करतं? बहुतेक पिंपं अमेरिकन ओकची आणि बर्बन व्हिस्कीसाठी आधी वापरलेली, साधारण २०० लिटरची असतात. आतून जाळलेल्या लाकडातून व्हॅनिला, खोबरं, दालचिनी यांच्याशी नातं सांगणारे वास येतात, रंग येतो, तोंडातला तिखटपणा मवाळ होतो. हालिस्कोच्या कोरड्या हवेत पिंपातून बराच माल उडूनही जातो. याचाच अर्थ, वर्षभर मुरवणं म्हणजे पिंपाचा खर्च, गोदामाचं भाडं, उडालेला माल आणि अडकलेलं भांडवल. स्वस्त आन्येहोला हे सगळं परवडायला हवं. नाही परवडलं तर आडवाट आहे, आणि ती कायदेशीर आहे. कॅरॅमल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक असे चार प्रकारचे पदार्थ वजनाच्या एक टक्क्यापर्यंत घातले तर ते लेबलावर लिहावं लागत नाही. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण अर्क तीव्र असतात. ज्याने सहा वर्षं राखलेलं झाड विकलं त्याच्या मालावर बेकरीचा वास चढवायचा आणि पिणाऱ्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, याची मला मनापासून चीड आहे. घालायचं तर घाला, पण लिहा.

ग्वादालाहारात टीसीएसचं मोठं केंद्र २००७ पासून आहे, त्यामुळे त्या शहरात मराठी घरं सापडतात. मूळच्या सांगलीच्या अशाच एका जोडप्याने माझी ओळख त्यांच्या शेजारणीशी करून दिली. बाईंनी कित्येक वर्षं एका कंपनीत कातादोर, म्हणजे चव-परीक्षक म्हणून काम केलं होतं. आता त्या निवृत्त आहेत. इमारतीतली सगळी माणसं त्यांना 'दोन्या' म्हणतात, तर आम्हीही दोन्याच म्हणायला लागलो. बाटल्या त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. मीठ, लिंबू आणि काबायितो नावाचा तो सरळसोट छोटा पेला यांतलं काहीच टेबलावर नव्हतं. बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते पेले होते, आणि थुंकायला प्रत्येकाला एकेक मग.

"काका, आधी जेवून घेऊ या का?" असं सांगलीकराने विचारलं, तेवढ्यात दोन्यांनी हात वर केला. जेवण नंतर. मिरचीने जीभ बधिर झाली की परीक्षा संपली.

पहिला पेला पांढऱ्या टकिलाचा. मुरवलेली चाखायला बोलावलं आणि सुरुवात ब्लांकोने, याचं मला नवल वाटलं. त्यांनी दिलेलं कारण तेव्हापासून मी विसरलेलो नाही. लाकडाने काय दिलं हे समजायचं तर लाकडाच्या हाती काय सोपवलं होतं ते आधी माहीत हवं. पेल्यात दोन-तीन चमचे ओतून त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं. दहा मिनिटं तसेच राहू द्यायचे, म्हणजे वरचा अल्कोहोलचा झोत ओसरतो. मग नाक पेल्यात खुपसायचं नाही. पेला हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळूहळू वर आणायचा. खालच्या कडेपाशी जड वास मिळतात, वरच्या कडेपाशी हलके. शिजलेलं अगावे, पांढरी मिरी, लिंबाची साल, ओल्या दगडाचा गारवा. पहिला घोट चव घेण्यासाठी नसतोच, तो नुसता तोंड ओलं करण्यासाठी. तो थुंकायचा. दुसऱ्या घोटापासून मत बनवायचं.

पुढचा पेला त्याच घराच्या, म्हणजे आरेतेच्या, रेपोसादोचा होता, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच जाणवलं की ओळखीचं माणूस नवे कपडे घालून समोर आलं आहे. मिरी होती, तीच होती, फक्त टोक बोथट झालेलं. गवताच्या काडीसारखा फिका रंग. मध्ये कुठेतरी दालचिनी. गिळल्यावर शेवटी पुन्हा भाजलेलं अगावे वर आलं आणि बराच वेळ टिकलं. सांगलीकराची बायको म्हणाली, "ही पहिलीची सख्खी बहीण दिसते." दोन्यांना भाषांतर करून सांगितलं, तर त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि मान डोलावली.

ओल्मेका आल्तोसची रेपोसादोही त्या रांगेत होती. आरांदासच्या पठारावरचा माल, विटांच्या भट्टीत शिजवलेला, काही भाग ताओना या ज्वालामुखी दगडाच्या चाकाखाली भरडलेला. ती गोडसर, गोलाई असलेली आणि संत्र्याच्या सालीकडे झुकणारी निघाली. पठारावरचं अगावे गोड आणि टकिला गावाच्या खोऱ्यातलं मातकट, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्यांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते निम्मा फरक यीस्टचा आणि भट्टीचा असतो. बारटेंडरांच्या सल्ल्याने घडवलेली ही टकिला कॉकटेलसाठी उत्तम, हे तर जगजाहीर आहे. मला ती नुसतीही आवडली. किंमत बघता तर फारच.

तुलनेसाठी एक महागडी ठेवली होती, आमातितानची एर्रादुरा रेपोसादो. या घराचा दावा आहे की रेपोसादो हा प्रकार १९७४ मध्ये त्यांनीच बाजारात आणला. ती अकरा महिने पिंपात असते, कायद्याच्या किमान मुदतीपेक्षा कितीतरी जास्त. लाकूड भरभक्कम होतं, व्हॅनिला होता, पण अगावे हरलेलं नव्हतं. दोघं बरोबरीने बोलत होते. जास्त मुरवूनही तोल सांभाळता येतो हे तिच्याकडे बघून मान्य करावं लागलं.

मग आली एक आन्येहो. किंमत रांगेत सगळ्यात कमी, रंग सगळ्यात गडद. नाव इथे लिहीत नाही. पेला नाकाशी आणताक्षणी टेबलाभोवती सगळ्यांचे चेहरे खुलले. टॉफी, व्हॅनिला, गोड बिस्किटं. पहिल्या क्षणी ती सगळ्यांत जास्त आवडली हे खरं आहे, आणि ते मुद्दाम नोंदवायला हवं, कारण दुकानात अशी बाटली जिंकते ती याच क्षणी. दुसऱ्या घोटाला जिभेवर तेलकट लेप बसला. तिसऱ्याला सांगण्यासारखं काहीच उरलं नाही. गोडवा होता, त्याखाली पोकळी होती. मी अगावे शोधत राहिलो.

दोन्यांनी तळहात पुढे करायला सांगितले. प्रत्येकाच्या हातावर तिचे चार थेंब टाकले. दोन्ही हात चोळायचे, अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं आणि मग वास घ्यायचा. त्याआधी आरेतेचे थेंब चोळले तेव्हा हात कोरडे झाले होते आणि शिजलेल्या अगावेचा मंद वास राहिला होता. या वेळी बोटं एकमेकांना चिकटत होती. वास केकच्या दुकानाचा. सांगलीकर हात धुवायला उठला, तर बेसिनमधून परत येऊनही बोटांना व्हॅनिला होताच.

इथे घाई करायची नाही, हे दोन्यांनी बजावून सांगितलं. व्हॅनिलाचा वास खऱ्या ओकमधूनही येतो, त्यामुळे तेवढ्यावरून आरोप ठेवता येत नाही. चिकटपणा जास्त बोलका, पण तोही पक्का पुरावा नव्हे. पक्कं सांगायचं ते प्रयोगशाळेने. आणि शेवटी, ते सगळं कायद्याच्या चौकटीतच आहे. अलीकडच्या काळात काही डिस्टिलऱ्या आम्ही बाहेरचं काही घालत नाही असं उघड सांगू लागल्या, स्वतंत्र चाखणाऱ्यांनी तशा याद्या केल्या, आणि तसं म्हणण्याचा अधिकार कोणाला यावरून नियामक संस्थेशी वादही पेटले. पिणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर वादाचं मूळ छोटं आहे. आत काय आहे ते माहीत असायला हवं.

आणखी एक परीक्षा त्यांनी शिकवली, आणि मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते. पेले रिकामे करून, न धुता, रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि काचेला जे चिकटलं असेल तेच बोलतं. सकाळी कॉफीच्या आधी मी त्या पेल्यांतून नाक फिरवत बसलो. आरेतेच्या पेल्यात शिजलेलं अगावे आणि थोडं सुकं लाकूड. एर्रादुरात लाकूड पुढे, पण मागे मध आणि अगावे. त्या गडद आन्येहोच्या पेल्यात नुसतं गोड, आणि बुडाशी एक चिकट कडं. आदल्या रात्रीचे गुण मी पेन्सिलीने लिहिले होते. ते त्या सकाळी बदलले आणि तेच कायम ठेवले.

माझा निकाल असा. स्वस्तात मुरवलेली घ्यायची असेल तर रेपोसादो घ्यावी, आन्येहोच्या मागे लागू नये. कमी महिन्यांचा माल कमी किमतीत प्रामाणिकपणे देता येतो, वर्षभराचा फार थोड्यांना जमतो. 'सिएन पोर सिएन्तो अगावे', म्हणजे शंभर टक्के अगावे, असं छापलेलं नसेल तर बाटली परत ठेवावी. नुसतं टकिला लिहिलेलं असेल तर ४९ टक्क्यांपर्यंत साखर बाहेरची, बहुतेक वेळा उसाची, असू शकते. सोनेरी रंगाच्या 'ओरो' वर्गातल्या पुष्कळ बाटल्या याच जातीच्या. आपल्याकडच्या लग्नसमारंभात मीठ-लिंबू लावून जे शॉट मारतात ते बहुधा हेच असतं. त्या अनुभवावरून टकिला नको म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी टकिला कधी चाखलेलीच नसते.

भावाच्या चढउताराचाही इथे उपयोग होतो. अगावे महाग झालं तेव्हा जो तो लावत सुटला. २०२२ मध्ये उत्पादन ६५ कोटी लिटरच्या घरात गेलं. पीक हाती यायला सहा-सात वर्षं लागत असल्यामुळे लावलेलं सगळं एकदम तयार झालं, आणि २०२४ पर्यंत भाव एक आकडी पेसोंवर आपटला. कांद्याचं राजकारण बघितलेल्या मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको, फरक इतकाच की कांदेकऱ्याला चार महिन्यांत दुसरा डाव मांडता येतो. तीस पेसो बघून जमीन भाड्याने घेऊन रोपं लावलेला शेतकरी आज तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून पीक उभं ठेवतो. पिणाऱ्याला मात्र यातून एक गोष्ट कळते. कच्चा माल एवढा उतरल्यावर तीन-चारशे पेसोंत सच्ची रेपोसादो देणं अवघड राहिलेलं नाही. आता जो अर्क ओततो त्याला महागाईची सबब सांगता येणार नाही.

भारतात आल्यावर 'स्वस्त' हा शब्दच गळून पडतो. परदेशातून आलेल्या टकिलावर दीडशे टक्के सीमाशुल्क, मग राज्याचं उत्पादन शुल्क. ग्वादालाहारातली दीड-दोन हजारांची बाटली मुंबईत कितीतरी पटींनी महाग होते. गोव्यात राज्याचा कर हलका असल्यामुळे जरा बरं. पण अगावे आपल्याकडेही आहे. दख्खनच्या माळावर, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला कुंपण म्हणून लावलेल्या घायपाताच्या रांगा सगळ्यांनी बघितल्या आहेत. ती जात निळ्या अगावेपेक्षा वेगळी, अगावे अमेरिकाना. गोव्याच्या डेस्मंड नाझरेथ यांनी तिच्यापासून आंध्र प्रदेशातल्या डिस्टिलरीत दारू गाळून २०११ मध्ये 'डेस्मंडजी' बाजारात आणली. टकिला हे नाव लावता येत नाही, म्हणून ते अगावे स्पिरिट. २०२१ मध्ये 'माया पिस्तोला' हे नावही आलं, आणि त्यात ओकमध्ये मुरवलेले प्रकारही आहेत.

यांची तुलना आरेते-एर्रादुराशी करू नये. झाड वेगळं, माती वेगळी, तर चवही वेगळीच असणार, हिरवट, वनस्पतीचा वास जास्त. पण पद्धत तीच लागू पडते, आणि ती लावल्याशिवाय या बाटल्यांबद्दल बोलणं अन्यायाचं आहे. एकाच घराची न मुरवलेली आणि मुरवलेली अशा दोन्ही बाटल्या घ्याव्यात, निमुळत्या तोंडाच्या पेल्यात दोन-तीन चमचे ओतून दहा मिनिटं थांबावं, आधी पांढरी, मग पिवळी. पिवळीत पांढरी ओळखू आली तर पैसे वसूल. नाही आली, तर पुढच्या वेळी फक्त पांढरी घ्यावी. ती स्वस्तही पडते.